रानातलं डुक्कर, आळीतलं डुक्कर

नागेश जाधव डुकराचं मांस खात नाही, हे रेगेन्सबर्गमधल्या झाडून सगळ्या मराठी घरांना ठाऊक होतं. कारखान्याच्या कँटीनमध्ये श्निट्झेलचा, म्हणजे डुकराच्या तळलेल्या कापांचा, दिवस असला की हा आपला चीज घातलेल्या शेवयांची बशी घेऊन कोपऱ्यात बसायचा. जर्मन सहकाऱ्यांनी सुरुवातीला विचारून पाहिलं, धर्माचं काही आहे का? हा नुसता हसला, मग त्यांनीही नाद सोडला. मराठी सहकाऱ्यांना विचारावंच लागलं नाही. चांगल्या घरचा माणूस आहे, कसा खाईल, असं त्यांनी आपापसात ठरवून टाकलं.

आता खरं सांगायचं तर कॉलेजला जाईपर्यंत या चांगल्या घरच्या माणसाने दुसरं मटण फारसं पाहिलंही नव्हतं. बार्शीला रेल्वेच्या रुळांपलीकडे, जिथं गाव संपलं असं गावच मानतं, तिथं त्याची आळी. आळीत घरटी डुकरं. जातीचं नाव इथं सांगत नाही. ज्यांना कळायचं त्यांना आळीवरूनच कळलं असेल, आणि जे नाव नागेशने जन्मभर दातांखाली दाबून धरलं ते आपण तरी कशाला बाहेर काढा. शाळेत हा वर्गात शिरला की मागच्या बाकावरची पोरं नाक धरायची. हा सकाळी दोनदा अंघोळ करायचा, आईच्या मागे लागून वासाचा साबण आणवायचा. पोरं तरी नाक धरायचीच. बाप लवकर गेला. आईने, सारजाबाईने, डुकरं विकून विकून त्याला सांगलीला इंजिनियर केलं, आणि शेवटच्या दोन माद्या विकल्या तेव्हा तो कार्ल्सरूहेला पुढचं शिकायला आला.

कार्ल्सरूहेच्या मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, पहिल्याच आठवड्यात त्याने एक प्रोफेसर पाहिला. चष्मा कपाळावर, एका हातात कसलातरी प्रबंध, दुसऱ्या हाताने भाजलेल्या डुकराचा तुकडा मोहरीत बुडवून खात होता. नागेश त्याच्याकडे बघतच राहिला. ज्या जनावरापायी आपलं बालपण नासलं ते इथं विद्वान लोक खातात, कुणी नाक धरत नाही, हे बघून त्याला त्या दिवशी रडू आलं होतं. सुटलो, असं वाटलं त्याला. भाबडा होता. जर्मन लोकांपासून सुटका आधीच होती. मराठी माणसं इथंही येणार आहेत, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

ती माणसं रेगेन्सबर्गला भेटली. नोकरी लागली, पहिली दिवाळी आली आणि कुणीतरी त्याला प्रताप शिर्क्यांच्या घरी फराळाला नेलं. प्रताप साताऱ्याकडचा, कारखान्यात त्याच्यापेक्षा दोन पायऱ्या वर, गावाबाहेर बागेचं घर, बोलणं राजेशाही. चकलीची बशी पुढे करत त्याने विचारलं, "जाधव म्हणजे कुठले? सिंदखेडचे का?"

नागेश म्हणाला, "हं."

एवढंच. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. पण त्या एका हुंकारावर त्याने पुढची सगळी वर्षं काढली. प्रतापने मिशीवरून हात फिरवला, "मग आपलेच की!" म्हणाला, आणि नागेश त्यांच्यातला झाला. शिवजयंतीला फेटा बांधून पहिल्या रांगेत उभा राहू लागला. गावाचं नाव निघालं की विषय बदलू लागला. लग्न मात्र आळीतल्याच मुलीशी केलं, कुंदाशी, कारण दुसरीकडे करायचं तर घर दाखवावं लागलं असतं. कुंदा फटकळ. ती म्हणायची, "शेजारची हाइडी माझ्यासमोर रोज सॉसेज खाते, आणि मी माझ्याच घरात खिडक्या लावून खायचं? कुणाला भिता हो तुम्ही?" नागेश उठायचा आणि खिडक्या लावायचा.

यंदा सारजाबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर आली. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेली, पहिल्यांदा स्वेटर घातलेली बाई, पण आठवड्याभरात तिने सुपरमार्केटातला मांसाचा विभाग शोधून काढला आणि काचेशी उभी राहून म्हणाली, "नागू, हितं तर निसतं आपलंच खाणं हाय रं!" नागेशने इकडेतिकडे पाहिलं. आसपास मराठी कुणी नव्हतं, त्याचा जीव भांड्यात पडला.

आणि नेमकं त्याच वेळी प्रतापच्या डोक्यात रानडुकराचं खूळ शिरलं.

दिवाळीनंतरच्या शनिवारी सगळ्यांना घरी बोलवायचं आणि बागेत रानडुकराचा रस्सा करायचा, असा त्याचा बेत. ग्रुपवर त्याने लांबलचक संदेश टाकला. पोर्क आपल्यात चालत नाही, ते घाणीतलं जनावर. रानडुक्कर वेगळं, ते कंदमुळं खातं, डोंगरात राहतं, आपले पूर्वज त्याची शिकार करत. भारतात कायद्याने बंद झालं, इथं येगरकडे, म्हणजे परवानावाल्या शिकाऱ्याकडे, राजरोस मिळतं. खाली अंगठ्यांची आणि तलवारींची रांग लागली. नागेशनेही अंगठा टाकला.

मांस आणायला प्रतापने त्यालाच बरोबर घेतलं, कारण नागेशकडे मोठी गाडी होती आणि जर्मनही चांगलं होतं. नोव्हेंबरातली सकाळ, शेतांवर धुकं. प्रताप रंगात आला होता.

"आमच्या आजोबांच्या वेळी हाकारा निघायचा," तो म्हणाला. "पन्नास-पन्नास माणसं. डुक्कर पडलं की वाटे. गोळी घालणाऱ्याला मुंडकं, हाकाऱ्यांना आपापला वाटा. आणि भाजायला, कापायला गावाबाहेरची ती माणसं यायची, ती नाही का, डुकरं पाळणारी. त्यांना आतडी आणि खूर. काय खूश व्हायची बिचारी!"

"हं," नागेश म्हणाला.

"माझी आजी तर ती माणसं गेली की सगळं अंगण सारवून घ्यायची. जुनी माणसं हो. आता आपण काही तसं मानत नाही."

नागेशने काचेवरचा वायपर चालू केला. पाऊस नव्हता. त्याच्या आजाने अशाच कुणाच्या तरी अंगणात डुकरं भाजली होती, आणि खूर उपरण्यात बांधून आणले होते. त्या खुरांचा रस्सा लहानपणी नागेशने बोटं चाटून खाल्ला होता. त्याला वाटलं, गाडी इथंच थांबवावी आणि सांगून टाकावं. वाटलं, एवढंच, गाडी थांबली नाही.

येगर म्हातारा होता, गालांवर लाल शिरा, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. कोठारामागच्या थंडगार खोलीत त्याने दोन जनावरं टांगली होती. त्याने सगळं नीट सांगितलं: दोन्ही तपासून आणलीत, किडे नाहीत, किरणोत्सर्गही मोजलाय, या भागातल्या रानडुकरांत तो जुन्या अणुभट्टीच्या अपघातापासून अजून सापडतो. मग एका लहानशा मादीवर थाप मारून म्हणाला, ही घ्या, लोण्यासारखी शिजेल. प्रतापची नजर दुसऱ्यावर. दांडगा नर, मानेवर केसांचा दाट पट्टा, सुळे बोटभर बाहेर.

"तो?" येगरने मान हलवली. "तो कायलर आहे, म्हातारा नर, माजावर आलेला. सॉसेजवाल्याला देणार आहे. घरी शिजवू नका, वास मारतो."

नागेशने हे सगळं मराठीत सांगितलं. त्याला ते येगरने सांगण्याचीही गरज नव्हती; दारातून आत येतानाच त्याच्या नाकाने ओळखलं होतं. पण प्रतापने छाती काढली. "छे, शिर्क्यांच्या घरी पोरीबाळींसारखी मादी नेऊ? सांगा त्याला, हाच पाहिजे. सुळ्यांसकट." येगरने खांदे उडवले. नागेश तेव्हा अडवू शकला असता. पण अडवायचं तर, तुम्हाला काय माहीत, असा प्रश्न आला असता, आणि त्या प्रश्नाला तो फार भ्यायचा. म्हणून त्याने मुकाट्याने खांद्याचे आणि मांडीचे तुकडे गाडीत ठेवले.

शनिवारी निघण्याआधी त्याने आईला समोर बसवलं.

"आई, तिथं आळीतलं काही काढायचं नाही. जनावरं, बाबा, काहीच नाही. विचारलं तर म्हणायचं, शेती होती."

"मी काय येडी हाय व्हय?" सारजाबाई म्हणाली. मग थोडं थांबून तिने विचारलं, "शेती कुठं व्हती म्हनायची?"

"मी सांगेन. तू गप्प बस नुसती."

कुंदा दारात बूट घालत होती. बुटाची नाडी तिने तुटेल अशी ओढली.

प्रतापच्या बागेत गॅसच्या शेगडीवर भलंमोठं पातेलं चढलं होतं. घरात केलं तर वास भिंतींना धरतो म्हणून सगळा थाट बाहेर. बायका जाकिटं घालून, पुरुष हातात गरम वाइनचे कप घेऊन उभे. पोरं हिरवळीवर जर्मनमध्ये भांडत होती. सारजाबाईला ब्लँकेट पांघरून खुर्चीवर बसवलं होतं, आणि ती खरोखरच गप्प होती.

प्रतापने मटणासारखंच केलं. भरपूर तेल, कांदा, आलं-लसूण, मसाला, वरून सगळे तुकडे चरबीसकट. तासाभरात झाकण काढलं आणि बागेतल्या गप्पा एकदम थांबल्या. मुतारीसारखा उग्र दर्प. नंदिनीने, प्रतापच्या बायकोने, पदर नाकाला लावला. एकजण म्हणाला, मसाला वाढवा. दुसरा म्हणाला, वाइन ओता. प्रतापचा चेहरा उतरला. त्याने एक तुकडा तोंडात टाकला आणि कागदी रुमालात हळूच काढून ठेवला. "रानातलं आहे, असायचंच," तो म्हणत राहिला, पण आवाजात दम नव्हता.

नागेशला आतून बरं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. होऊ दे फजिती, असं तो मनात म्हणत होता. तेवढ्यात ब्लँकेट बाजूला पडलं आणि सारजाबाई उठली.

ती गप्प बसायला आली होती हे खरं. पण पातेलंभर मांस डोळ्यांदेखत वाया जातंय हे काही तिला बघवेना. तिने पळी हातात घेतली, एक तुकडा उचलून वास घेतला आणि नंदिनीला म्हणाली, "पोरी, ह्ये समदं पानी वतून दे. दुसरं पातेलं आन. सिरका हाय का घरात?"

मग पुढचा सगळा वेळ बागेवर तिचंच राज्य चाललं. तिने तुकडे धुतले, खुर्चीवर बसून सुरीने एकेक चरबीचा थर सोलून टाकला, सिरका आणि मीठ चोळून ठेवलं, हळद-आल्याच्या पाण्यात उकळून तेही पाणी फेकलं. कांदा आणि खोबरं आचेवर काळंभोर भाजून घेतलं. कुंदाच्या पिशवीतून बार्शीहून आणलेला काळा मसाला निघाला, नंदिनीच्या कपाटातून चिंच. बायका भोवती गोळा झाल्या. वास पालटत गेला तशी माणसं शेगडीजवळ सरकू लागली. नागेश दूर कुंपणाशी उभा होता. आईच्या हाताकडे बघताना त्याला अभिमान वाटत होता आणि धास्तीही.

"काकू, पण चरबी का काढली?" नंदिनीने विचारलं.

"अगं, नर माजला की समदा वास चरबीतच उतरतो," सारजाबाई कामाच्या नादात बोलून गेली. "आमचा काळ्या बी असाच व्हता. त्याची चरबी काढली तवा कुठं मटान खाया आलं."

"काळ्या कोण?"

नागेश कुंपणापासून जवळजवळ धावत आला. "बैल," तो म्हणाला. "आमचा बैल होता, काळ्या."

शेगडीभोवतीच्या सगळ्या माना वळल्या. नंदिनी त्याच्याकडे बघत राहिली. "बैल खाल्लात तुम्ही?"

काय बोलून बसलो हे त्याला तेव्हा कळलं. त्याने आईकडे पाहिलं. लहानपणी शाळेतून रडत आल्यावर तो तिच्याकडे जसा बघायचा, अगदी तसा बघितला. तेव्हाही तो तिच्यासाठी रडत नसे, आणि आताही तिच्यासाठी बघत नव्हता. त्याला फक्त स्वतःला वाचवायचं होतं.

सारजाबाईने पळी खाली ठेवली. पदराने हात पुसले.

"बैल कशाचा खातोय," ती हसून म्हणाली. "त्याला काय ठावं? त्यो तवा बारका व्हता. मी पाटलाच्या घरी रांधायला व्हते गं. मोलकरीन. पाटील लोक शिकार आनायचे, मोठाल्ली रानडुकरं, त्यांस्नी पाटीलच काळ्या, तांबड्या अशी नावं ठिवायचे. त्यांच्या चुलीपाशी शिकले मी समदं. आमच्या घरी काय, भाकरीच."

"असं होय!" नंदिनी म्हणाली, आणि मोकळा श्वास घेतल्यासारखी सगळी बाग पुन्हा बोलू लागली. प्रतापने टाळी दिली. "म्हणजे पाटलाकडची आचारीण! मग बरोबर. हात लागला की कळतंच!"

रस्सा अप्रतिम झाला. माणसांनी पातेलं पुसून खाल्लं. आणि कसं कोण जाणे, पण त्या एका वाक्यानंतर सारजाबाई खुर्चीवर परत बसलीच नाही. कुणी म्हणालं, काकू, इकडे जरा वाढा. कुणी म्हणालं, काकू, भाकरी आणा. आधी तिला हाताला धरून बसवणारी नंदिनी आता तिच्या हातात उष्ट्या ताटल्या देत होती. सारजाबाई त्या घेत होती, हसत होती, पाटलाकडची मोलकरीण जशी वागली असती तशी वागत होती. कुंदा उठली आणि सासूच्या हातातून ताटल्या काढून घेऊन बेसिनकडे गेली. नवऱ्यापाशी येऊन ती एवढंच म्हणाली, "पोट भरलं का तुमचं?" नागेशने ताटाकडे पाहिलं. त्यात अजून सगळं तसंच होतं.

निघताना कुंदा आणि आई गाडीत जाऊन बसल्या. प्रताप फाटकापर्यंत सोडायला आला, हातात रश्श्याचा डबा. त्याने डबा दिला आणि नागेशच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज अगदी प्रेमळ.

"नागेशराव, एक बोलू? आईंना असं करायला लावायला नको होतं."

"कसं?"

"अहो, सिंदखेडच्या जाधवांची सून पाटलाकडे मोलकरीण म्हणून जाईल का? आणि तुमच्यातल्या बाईला कुठला पाटील चुलीपाशी येऊ देईल? दोन्हीकडून जमत नाही ते." तो हसला. "आणि आम्हाला काय, पहिल्याच वर्षी कळलं होतं. माझा साडू बार्शीला आहे. नंदिनीला माहीत आहे, सगळ्यांनाच माहीत आहे. कधी कुणी एका शब्दाने बोललं का तुम्हाला? आपण जर्मनीत राहतो, आपण ते मानत नाही. मग म्हाताऱ्या आईला कशाला मोलकरीण करायचं?"

नागेश डबा हातात धरून उभा राहिला. त्याला मारावंसं वाटलं, मग रडावंसं वाटलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे, हा माणूस खरं बोलतोय असं वाटलं. सगळ्यांना माहीत होतं. कँटीनमध्ये शेवया खाताना माहीत होतं, फेटा बांधताना माहीत होतं, हाकाऱ्याच्या गोष्टी सांगताना तर नक्कीच माहीत होतं. आज त्यांना काहीच नवीन कळलं नव्हतं. आज फक्त त्याने आईला मोलकरीण करून घेतलं होतं, आणि तेही फुकट. "येतो," असं म्हणून तो वळला, कारण दुसरं काही सुचेना.

गाडीत सारजाबाई पुढच्या सीटवर बसली होती. दिवसभर उभं राहून पाय सुजले होते, ते चपलांतून काढून तिने वर घेतले होते. तो आत बसला तसा तिने त्याचा दंड धरला आणि हळू आवाजात विचारलं, "कळलं का रं कुनाला?"

मागे कुंदा खिडकीबाहेर बघत होती.

"नाही आई," नागेश म्हणाला. "कुणालाच नाही कळलं."

"मंग झालं." तिने मोठा श्वास सोडला. चेहऱ्यावर असं समाधान, की ते त्याला बघवेना. "मी ऐन वक्ताला बोलले म्हनून. जमलं का न्हाई?"

"जमलं."

"आता ध्यानात ठीवते," सारजाबाई म्हणाली. "पुन्यांदा कुनी इचारलं, तर ह्येच सांगीन."